बोटीच्या ट्रेलरवरच्या विंचला पट्टा लावायचा की तार?

अमेरिकेत मेमोरियल डे, म्हणजे मे महिन्याचा शेवटचा सोमवार जवळ आला की बोटवाल्यांची गडबड सुरू होते. मिशिगन, मिनेसोटाकडे तर थंडीभर ताडपत्रीखाली पडून असलेल्या बोटी बाहेर निघतात, बॅटऱ्या चार्ज होतात, ट्रेलरच्या टायरमधली हवा बघितली जाते. आता आपल्या मराठी मंडळींमध्येही बोट घेणारे आहेत, त्यामुळे कुणाच्या घरी बार्बेक्यूला जमलं की हा प्रश्न निघतोच: विंचवरची (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या हातरहाटावरची) जुनी गंजकी तार काढून पट्टा टाकू का? एक जण म्हणतो लोखंड ते लोखंड, दुसरा म्हणतो तार एकदा हाताला टोचली तेव्हापासून मी तिच्या वाटेला जात नाही, आणि ज्याने विचारलं तो बिचारा होता तिथेच राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हाताने फिरवायचं विंच आणि साधारण वीस फुटांपर्यंतची बोट असेल तर पॉलिएस्टरचा पट्टा घ्या. पण बहुतेक लोक "ताकद किती" यावरून भांडतात आणि ते भांडण मला फारसं कामाचं वाटत नाही, कारण ताकद दोन्हीकडे पुरेशी असते. खरा फरक आहे तो खराब व्हायला लागल्यावर ते तुम्हाला दिसतं का, आणि तुटलंच तर तुमच्या हाताचं, तोंडाचं काय होतं, यात.

विंच नेमकं करतं काय

ज्यांनी अजून बोट घेतली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रेलर गाडीच्या मागे जोडलेला असतो, गाडी रिव्हर्स घेत तो पाण्यात उतरवायचा, बोट तरंगत त्याच्यावर आणायची आणि शेवटचे काही फूट ओढून घट्ट बसवायची. हे ओढायचं काम ट्रेलरच्या पुढच्या खांबावर बसवलेलं विंच करतं. त्यात एक ड्रम असतो, दोन-तीन दातेरी चाकं असतात, फिरवायला हँडल असतं, आणि एक छोटा खटका असतो जो दात्यांत अडकून ड्रमला उलटं फिरू देत नाही. ड्रमवर पट्टा किंवा तार गुंडाळलेली, तिच्या टोकाला हुक, आणि तो हुक बोटीच्या नाकाखालच्या जाड कडीत अडकवायचा.

आता ओढायला जोर किती लागतो ते बघू. चांगल्या रॅम्पचा, म्हणजे ट्रेलर पाण्यात न्यायच्या उतरत्या फरशीचा, उतार साधारण १२ ते १५ टक्के ठेवतात, म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की बारा-पंधरा फूट खाली. समजा तुमची बोट इंजिन, पेट्रोल, बॅटरी सगळं धरून ७०० किलोची आहे, तर १५ टक्के उतारावर नुसत्या वजनामुळे १०५ किलोची ओढ होते. त्यात घर्षण मिळवा. ट्रेलरला रबरी रोलर असतील तर घर्षण कमी (कोकणात होडी किनाऱ्यावर घेताना खाली ओंडके टाकतात ते याचसाठी), पण कार्पेट लावलेल्या लाकडी पट्ट्यांवर बोट बसत असेल आणि ती पट्टी कोरडी असेल तर एकूण ओढ सहज ३०० किलोच्या वर जाते. निम्मी बोट पाण्यात तरंगत असेल तर अर्थात बरीच कमी. म्हणून ट्रेलर आधी पुरेसा पाण्यात घ्या, लाकडी पट्ट्या ओल्या होऊ द्या, मग विंचला हात लावा. निम्म्या लोकांची विंचबद्दलची तक्रार इथेच मिटते.

ताकद: लेबलवरचे आकडे कसे वाचायचे

प्रत्येक पट्ट्याला आणि तारेला दोन आकडे असतात. एक तुटण्याची ताकद, म्हणजे नवीन कोरा माल किती भाराला तुटतो ते. दुसरा वापराचा भार, म्हणजे रोजच्या कामात त्याच्यावर जास्तीत जास्त किती टाकावा ते. दुकानात मोठ्या अक्षरात पहिला छापलेला असतो, तुम्ही दुसरा शोधायचा.

ट्रेलरवर नेहमी दिसणारी तार म्हणजे ३/१६ इंची गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. ती सात पेडांची असते आणि प्रत्येक पेडात १९ बारीक तारा, म्हणजे एकूण १३३ तारा. तिची तुटण्याची ताकद साधारण ४,२०० पौंड, म्हणजे १,९०० किलो. तारेच्या बाबतीत वापराचा भार साधारणपणे त्याच्या एक पंचमांश धरतात, म्हणजे ८४० पौंड, ३८० किलो. आता दोन इंची पॉलिएस्टर पट्टा बघा, ट्रकवर सामान आवळायला वापरतात तो. तो १०,००० पौंडाला तुटतो असं लिहिलेलं असतं आणि वापराचा भार एक तृतीयांश, ३,३३३ पौंड. बोटीच्या विंचचे पट्टे बरेचदा यापेक्षा हलके असतात आणि त्यांचा हुक आणि शिलाई अजून हलकी असू शकते, तरी चांगला पट्टा त्या तारेपेक्षा मागे पडत नाही. लोखंड आहे म्हणून भक्कम असं डोळ्याला वाटतं खरं, पण ती तार पेन्सिलीपेक्षाही बारीक असते हे आपण विसरतो.

इथे एक घोळ होतो. तारेला पाचाने भागलं आणि पट्ट्याला तिनाने, मग दोघांचे वापराचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर पट्टा उगाचच भीम वाटतो. तुलना करायचीच तर तुटण्याच्या ताकदीची करा, आणि घेताना विंचवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा पट्ट्याचा वापराचा भार कमी नाही ना एवढं बघा.

तार खराब होते ती आतून

तार ड्रमवर वळते तेव्हा तिच्यातल्या त्या १३३ तारा दर वेळी वाकतात आणि सरळ होतात. ट्रेलरच्या विंचचा ड्रम असतो लहानसा, गाभा जेमतेम दीड इंचाचा, त्यामुळे वाक तीव्र असतो आणि बाहेरच्या बारीक तारा एकेक करून तुटायला लागतात. तुटलेलं टोक मग काट्यासारखं बाहेर येतं. हातमोजे नसताना तार सरळ करायला म्हणून तळहातातून सरकवली की सरळ चिरत जाते, आणि हे ओल्या, थंड हाताला होतं तेव्हा लगेच कळत पण नाही.

हे दिसतं तरी. न दिसणारा भाग जास्त वाईट. खाऱ्या पाण्यात, म्हणजे फ्लोरिडा किंवा टेक्ससच्या गल्फ किनाऱ्याला, तारेच्या पेडांमधे पाणी शिरतं आणि मीठ आतच राहतं, वरून तार बऱ्यापैकी चकचकीत दिसते आणि मधला पेड गंजून तपकिरी झालेला असतो. हुकाजवळ तार वळवून धातूची नळी दाबून बसवलेली असते, त्या नळीच्या आत काय चाललंय हे तर बघताच येत नाही, आणि सगळा भार नेमका तिथेच येतो. गोड्या पाण्याच्या तळ्यांत हे हळू होतं, वर्षानुवर्षं काही वाटत नाही. पण हळू होतं म्हणून माणूस बघतही नाही.

पट्ट्याचं उलटं आहे, त्याचं दुखणं वरच दिसतं. कडेला चीर पडली, धागे पिंजारले, रंग उडून पांढुरका झाला, कडक आणि खरखरीत लागायला लागला, शिलाईचे टाके सुटले. पाच सेकंदात कळतं. आणि नवीन पट्टा हुकासकट वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास मिळतो, त्यामुळे "अजून एक सीझन चालेल" असं म्हणत ओढून नेण्याचं कारण उरत नाही.

तुटल्यावर काय होतं, आणि पट्टा अगदी निरुपद्रवी आहे का

नाही. हे लोकांना सांगितलं की आवडत नाही, कारण पट्टा घेणाऱ्याला वाटत असतं की आता धोका संपला. ताणलेल्या कुठल्याही वस्तूत शक्ती साठते आणि ती जितकी जास्त लांबते तितकी जास्त साठते. लोखंडी तार फारच थोडी लांबते, पॉलिएस्टर त्याहून जास्त, आणि नायलॉन तर खूपच जास्त, तुटेपर्यंत २० ते ३० टक्के लांब होऊ शकतं. म्हणजे नुसती साठलेली शक्ती बघितली तर पट्टा तारेपेक्षा साधा नाही. मग तार का जास्त भीतीदायक? ती जड असते, तिला गुंडाळीची सवय लागलेली असते त्यामुळे सुटली की सरळ न जाता वेडीवाकडी फिरते, आणि तिचं टोक म्हणजे कातरलेल्या सुयांचा झुबका. रुंद, चपटा पट्टा हवेतच बराच मंदावतो आणि अंगावर आला तरी वळ उठतो, चिरत नाही. पण पट्ट्याच्या टोकाचा हुक किंवा बोटीची कडीच सुटली तर तो लोखंडी हुक थेट विंचच्या दिशेने येतो, म्हणजे तुमच्याच दिशेने.

म्हणून दोन्हींत नियम एकच, ओढताना रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहून हँडल फिरवायचं आणि पोरांना मधे येऊ द्यायचं नाही. आणि खरं सांगायचं तर पट्टा-तार तुटण्याइतकाच सुटलेल्या हँडलचा पण धोका असतो. खटका उचलला आणि हँडल हातातून निसटलं की बोटीच्या वजनाने ते पंख्यासारखं फिरतं, बोटं आणि मनगट मोडायला तेवढं पुरतं. जड बोट असेल तर ब्रेकवालं विंच घ्या, त्यात हँडल सोडलं तरी भार जागच्या जागी राहतो. हा खर्च मला पट्टा की तार या वादापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

पट्ट्याची खरी अडचण: शेवटचे दोन फूट

हा मुद्दा फार कमी लोक बोलतात. पतंगाची चक्री आठवा, मांजा भरत गेला की प्रत्येक फेरीला जास्त मांजा गुंडाळला जातो पण फिरवायला जोरही जास्त लागतो. विंचचंही तसंच आहे. बहुतेक विंचवर लिहिलेली क्षमता ही ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, थर वाढले की ओढ कमी होत जाते.

तार ड्रमच्या रुंदीवर शेजारी-शेजारी बसते. पट्टा मात्र ड्रमइतकाच रुंद, तो प्रत्येक फेरीला स्वतःवरच चढतो. हिशोब करून बघू: ड्रमचा गाभा ४० मिलिमीटर व्यासाचा, पट्टा अडीच मिलिमीटर जाड आणि २० फूट लांब धरला तर पूर्ण गुंडाळल्यावर गुंडाळीचा व्यास होतो साधारण १४५ मिलिमीटर. तेवढीच लांब ३/१६ इंची तार ६० मिलिमीटर रुंद ड्रमवर तीन थरांत मावते आणि व्यास ७० च्या आतच राहतो. म्हणजे बोट अगदी पुढे आली, निम्मीअधिक पाण्याबाहेर, सगळं वजन ट्रेलरवर, त्या क्षणी पट्टेवाल्याला हँडलवर तारवाल्याच्या दुपटीहून जास्त जोर लावावा लागतो. "पट्टा टाकल्यापासून विंच जड झालं" अशी तक्रार येते ती काल्पनिक नाहीये, विंच बिघडलेलंही नाहीये.

उपाय सोपा आहे. वीस फुटांचा पट्टा लागतोच असं नाही. हुक ट्रेलरच्या मागच्या टोकापर्यंत पोचला आणि तरीही ड्रमवर किमान तीन वेढे उरले की पुरे, बाकीचा कापून टाका आणि कापलेलं टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून घ्या म्हणजे धागे सुटत नाहीत. मात्र कापायचं ते साधं टोक, शिवलेला फास नाही, आणि कापल्यावर ड्रमच्या बोल्टसाठी परत फास लागणार असेल तर आधीच योग्य लांबीचा विकत घेतलेला बरा, घरच्या शिलाई मशीनवरचा फास या कामाचा नाही. वीसऐवजी चौदा फुटांचा पट्टा घेतला तर वरच्या हिशोबात शेवटचा जोर १५ टक्क्यांच्या आसपास हलका होतो. त्यानेही भागत नसेल तर दोन वेगांचं विंच, म्हणजे जड ओढीसाठी वेगळा हलका गिअर असलेलं.

"पण उन्हात पट्टा सडतो की"

सडतो, हो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी धागा कमजोर होतो. पॉलिएस्टर यात नायलॉनपेक्षा चांगलं टिकतं, शिवाय नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की त्याची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते, आणि बोटीचा पट्टा ओला होणार नाही तर काय होणार. त्यामुळे लेबलवर पॉलिएस्टर लिहिलंय का ते बघा, नुसतं "हेवी ड्यूटी" वाचून घेऊ नका. ट्रेलर उन्हात उभा असेल तर विंचवर एखादं कव्हर टाका, जुन्या ताडपत्रीचा तुकडा पण चालतो. वाळू आणि मिठाचे कण धाग्यात शिरून आतून घासतात, म्हणून खाऱ्या पाण्यातून आल्यावर पट्टा पूर्ण उलगडून गोड्या पाण्याने धुवा आणि वाळवा. ओला गुंडाळून ठेवला तर विंचचा ड्रम आणि हुक गंजतात.

धारदार कडा हा पट्ट्याचा दुसरा शत्रू. रोलरचा ब्रॅकेट वाकलेला असेल, ट्रेलरचा एखादा कोपरा लागत असेल तर पट्टा तिथे कापला जातो. तार अशा ठिकाणी पट्ट्यासारखी चटकन कापली जात नाही, उलट तीच करवतीसारखी रबर आणि बोटीचा रंग खरवडते.

"मग स्टेनलेसची तार घ्या ना"

गंज कमी होईल हे बरोबर. पण त्याच जाडीची स्टेनलेस तार गॅल्व्हनाइज्डपेक्षा थोडी कमीच ताकदीची असते, ३,७०० पौंडांच्या आसपास, महाग असते, आणि लहान ड्रमवर वाकून तुटायचं दुखणं तिलाही आहेच. काटे गंजके नसतील, चकचकीत असतील, एवढाच फरक.

"क्रेनवाले, टोइंगवाले तारच वापरतात, ते काय वेडे आहेत?" हाही प्रश्न येतो. त्यांच्याकडे तारेच्या मानाने ड्रम आणि पुली मोठ्या असतात, तारेला वंगण लावतात, तुटलेल्या तारा मोजून ती बाद करायचे नियम असतात. आपण ट्रेलर ऑक्टोबरमधे लावतो आणि मेमधे बघतो.

मग तार कधी घ्यावी

इलेक्ट्रिक विंच असेल आणि त्याचा ड्रम तारेसाठीच बनवलेला असेल तर तारच ठेवा, कंपनीने सांगितलंय तसं. बोट खूप जड असेल तर. आणि जिथे रॅम्प अगदी सपाट आहे, ट्रेलर खोलात जातच नाही आणि बोट तीस-चाळीस फुटांवरून ओढून आणावी लागते तिथे पट्टा लांबीला कमी पडतो, तार नाही. बहुतेक तळ्यांवर ही वेळ येत नाही. काही जण इंजिनच्या जोरावर बोट सरळ ट्रेलरवर चढवतात त्यामुळे विंचला कामच उरत नाही, पण त्याने पाण्याच्या झोताखाली रॅम्पच्या टोकाशी खड्डा पडतो आणि बऱ्याच रॅम्पवर त्याला मनाई आहे.

तार ठेवलीत तर हातमोजे घाला आणि ती सैल गुंडाळू नका. सैल गुंडाळलेल्या तारेवर भार आला की वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसून अडकतो. तपासायची तर जुन्या सुती कापडाच्या तुकड्यातून सरकवा, जिथे कापड अडकेल तिथे तार तुटलेली आहे. असे काटे जागोजागी लागले तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

तिसरा पर्याय म्हणजे डायनिमासारखा सिंथेटिक दोर. तेवढ्याच जाडीच्या तारेपेक्षा भक्कम, पाण्यावर तरंगणारा, हाताला मऊ. पण तो इतका गुळगुळीत असतो की साधी गाठ त्याच्यावर टिकत नाही, दोर दोरातच विणून फास करावा लागतो, ड्रमवर जास्त वेढे ठेवावे लागतात, आणि साधारण १५० अंश सेल्सिअसला तो वितळतो, म्हणून ब्रेकचा ड्रम तापत असेल तिथे जपून. हौशी माणसाला मस्त आहे. मी सगळ्यांना सुचवणार नाही.

रस्त्यावर गाडी पळताना यातलं काहीच बोट धरून ठेवायला नाही

बोट ट्रेलरवर आली, विंच घट्ट केलं, निघालो, असं करू नका. विंचचं काम ओढण्यापुरतं. रस्त्यावरचे खड्डे, ब्रेक, वळणं यांचा भार एका छोट्याशा खटक्यावर सोडायचा नसतो. नाकाच्या कडीला वेगळी सेफ्टी चेन हवी जी विंचवर नाही तर ट्रेलरच्या खांबाला जोडलेली असेल, आणि मागच्या बाजूला दोन रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्याने घट्ट करायचे, बोटीचा मागचा भाग ट्रेलरला आवळणारे. बोट बसवताना नाकाची कडी पुढच्या रबरी रोलरच्या किंचित खाली येते का बघा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तर नाक वर चढून पुढे सरकत नाही.

बदलायचं ठरवलंत तर

आधी ड्रमची आतली रुंदी मोजा. दोन इंची पट्ट्याला दोन इंचांपेक्षा थोडी जास्त जागा लागते, नाहीतर कडा घासून महिन्याभरात पिंजारतात. तारेचे काही ड्रम त्याहून अरुंद असतात, मग पट्टा दुमडून बसवायचा मोह होईल, तसं करू नका, विंच बदला. जुन्या तारेने ड्रमवर चरे पाडलेले असतील तर पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. पट्ट्याच्या फासातून आणि ड्रमच्या दोन्ही तबकड्यांतून जाणारा एक बोल्ट असतो, त्याला लॉक नट लावा.

आणि गुंडाळायच्या आधी विंचवरचा बाण शोधा. पट्टा ड्रमच्या वरून निघायला हवा की खालून हे प्रत्येक विंचचं ठरलेलं असतं, ब्रेकवाल्या विंचला उलटा गुंडाळलात तर हँडल फिरेल, बोट पण वर येईल, पण ब्रेक लागणारच नाही.